पोटामागचा आजार आणि आपली तरुण मुले



कसालच्या आसपासच्या कातकरी वाड्यांवर आरोग्यभेटीला जाताना मला एक प्रश्न बरेचदा ऐकू येतो: “बाई, कॅन्सर म्हाताऱ्यांना होतो ना?” तोंडाच्या कर्करोगाची माहिती आता बऱ्याच जणांना आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच आजाराने 17 मार्च 2019 रोजी वयाच्या 63 व्या वर्षी गेले, तेव्हा आपल्या भागात अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवी असलेली, सुमारे वीतभर लांबीची ग्रंथी आहे. अन्न पचवणारा रस आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन ती तयार करते. ती इतकी आत असते की तिथली गाठ हाताला लागत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून निदान उशिरा होते.

बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात हे खरे. पन्नाशीच्या आतले रुग्ण थोडे असले तरी असतात, आणि अमेरिकेसारख्या देशांत त्यांचे प्रमाण हळूहळू वाढताना दिसते आहे. तरुण वयात धोका कशाने वाढतो, ते पाहू.

पहिले कारण तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा आजार होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. न जळणाऱ्या तंबाखूनेही स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने काढला आहे. आपल्याकडे गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण मिशरी घरातच भाजली जाते. आई लावते म्हणून आठ-दहा वर्षांची मुलगीही लावू लागते. तिशीला पोचेपर्यंत तिच्या शरीरात वीस वर्षांचा तंबाखू गेलेला असतो. सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो, ही आशेची गोष्ट.

दुसरे कारण स्वादुपिंडाची जुनी सूज. वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणे हे तिचे मोठे कारण आहे. पण येथे आपण सर्वांनी सांभाळून बोलावे. केरळ आणि दक्षिण भारतात डॉक्टरांनी असे अनेक तरुण रुग्ण पाहिले आहेत, ज्यांनी दारूला कधी स्पर्शही केला नव्हता. लहानपणापासून पोटात कळा, मग स्वादुपिंडात खडे, आणि ऐन तारुण्यात, अंगाने सडपातळ असताना मधुमेह, असा तो आजार आहे. अशांना कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि तो कमी वयात येतो. म्हणून वाडीवरचा एखादा पोरगा पोट धरून बसला, तर “पीत असेल” असे म्हणून सोडू नका. त्या एका शब्दामुळे तो दवाखान्याची पायरी चढत नाही.

तिसरे, लठ्ठपणा आणि मधुमेह. हे आता आपल्या मंडळीतल्या घरांनाही लागू आहे. चौथे, रक्ताचे नाते. सुमारे दहा रुग्णांत एकाला हा धोका आईवडिलांकडून आलेला असतो. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, विशेषतः पन्नाशीच्या आत, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. हा आजार संसर्गाचा नाही. रुग्णाचे ताट वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

आता लक्षणे. पोटाच्या वरच्या भागात दुखून कळ पाठीत जाणे, आडवे झाल्यावर ती वाढणे, कारण नसताना वजन उतरणे, तेलकट, चिकट शौच, अचानक सुरू झालेला मधुमेह, आणि कावीळ. ही लक्षणे दुसऱ्या साध्या आजारांतही दिसतात, म्हणून घाबरू नये, पण तपासणी टाळू नये.

काविळीबद्दल मुद्दाम लिहिते. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की आधी गावठी औषध आणि पथ्य. काही काविळी आपोआप बऱ्या होतात, आणि श्रेय औषधाला जाते. पण गाठीने पित्ताची वाट अडली असेल, तर लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खाज येते. अशी कावीळ औषधाच्या पाल्याने उतरत नाही. त्यात गेलेले दोन महिने म्हणजे शस्त्रक्रियेची हुकलेली संधी असू शकते. ओरोसचे शासकीय रुग्णालय कसालहून जवळच आहे. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी आधी करून घ्यावी. आतड्यातील वाऱ्यामुळे सोनोग्राफीत स्वादुपिंड कधीकधी नीट दिसत नाही. त्रास चालूच राहिला, तर सी. टी. स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आपण काय करू शकतो? वाडीवर कपडे, धान्य घेऊन जाल तेव्हा पाहुणचार म्हणून तंबाखूची पुडी पुढे करू नका. सोडू इच्छिणाऱ्याला 1800-112-356 या शासनाच्या निःशुल्क क्रमांकावर फोन लावून द्या. आणि कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर नुसता सल्ला न देता रुग्णालयापर्यंत सोबत जा. मजुरी बुडवून, कागद हातात घेऊन एकट्याने रांगेत उभे राहणे त्यांना फार जड जाते. त्यांच्यासाठी प्रार्थना कराच; पण त्या दिवशीची तुमची सोबतही त्यांना हवी आहे.