पिस्तुलाचे मॅगझीन : लहान व पूर्णाकारी पिस्तुलांतील अदलाबदल

स्वयंभरण पिस्तुलाच्या मुठीत बसणारी, काडतुसे एकावर एक रचून ठेवणारी व स्प्रिंगच्या दाबाने ती एकेक करून नळीच्या मागील कक्षासमोर आणणारी पत्र्याची वा प्लॅस्टिकची पेटी म्हणजे मॅगझीन. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या दंडगोलातच असल्याने तेथे हा भाग नसतो. एकाच घराण्यातील लहान व मोठ्या पिस्तुलांना एकच मॅगझीन चालते की नाही, हा प्रश्न सैन्ये व पोलीस दले यांच्या दृष्टीने केवळ सोयीचा नाही. गणवेशात मोठे व साध्या वेशात लहान पिस्तूल बाळगणाऱ्या अधिकाऱ्याने चुकीचे मॅगझीन उचलले, तर आणीबाणीच्या क्षणी हातातील शस्त्र निरुपयोगी ठरू शकते.

मॅगझीनची रचना साधी असली, तरी तिच्यातील मापे काटेकोर असतात. पेटीच्या वरच्या टोकाला आत वळविलेल्या दोन कडा असतात. त्यांना ओठ म्हणतात. सर्वांत वरचे काडतूस या ओठांखाली विशिष्ट कोनात अडकून राहते. पिस्तुलाचे सरकते आवरण मागे जाऊन पुढे येताना त्या काडतुसाला ढकलते व ते कक्षात शिरते. पेटीच्या अंगावर एक खाच असते. मुठीतील खटका या खाचेत अडकला, की मॅगझीन ठराविक उंचीवर स्थिर होते. तळाला पेटीपेक्षा थोडी रुंद तळपट्टी असते. ओठांपासून खाचेपर्यंतचे अंतर हे यातील निर्णायक माप होय; कारण काडतूस कक्षासमोर नेमके कोणत्या उंचीवर येणार, हे त्यावरून ठरते. खाचेखाली पेटी किती लांब आहे, यावर काडतुसांची संख्या तेवढी अवलंबून असते.

लहान पिस्तूल तयार करताना कारखानदार बहुधा नळी व मूठ आखूड करतात, परंतु खटक्याच्या वरचा भाग कायम ठेवतात. ऑस्ट्रियातील ग्लॉक पिस्तुले हे याचे स्पष्ट उदाहरण आहे. ऑस्ट्रियन सैन्याने १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी स्वीकारलेल्या ग्लॉक १७ या ९ मिमी. पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये १७ काडतुसे मावतात. १९८८ मधील ग्लॉक १९ च्या मॅगझीनमध्ये १५, तर त्याहून लहान अशा ग्लॉक २६ च्या मॅगझीनमध्ये १० काडतुसे मावतात. मॅगझीनसह या तिघांची उंची अनुक्रमे सुमारे १३९, १२८ व १०६ मिमी. आहे. ग्लॉक १७ चे मॅगझीन ग्लॉक १९ मध्ये व ग्लॉक २६ मध्ये बसते आणि व्यवस्थित चालते. फक्त त्याचा खालचा भाग मुठीबाहेर डोकावतो. याच्या उलट मात्र घडत नाही. ग्लॉक १९ चे मॅगझीन ग्लॉक १७ च्या लांब मुठीत घातल्यास त्याची तळपट्टी मुठीच्या कडेला अडते आणि खाच खटक्यापर्यंत पोहोचतच नाही. अदलाबदल अशी एकाच दिशेने चालते : मोठ्याचे लहानाला चालते, लहानाचे मोठ्याला चालत नाही. त्यामुळे दोन्ही पिस्तुले वापरणाऱ्या दलाने राखीव साठा मोठ्या मॅगझीनचा ठेवणे शहाणपणाचे ठरते.

हा नियम घराण्याच्या नावावरून लावणे मात्र धोक्याचे आहे. ग्लॉक ४३एक्स व ग्लॉक ४८ ही २०१९ मधील अरुंद मुठीची पिस्तुले एकमेकांची मॅगझिने वापरू शकतात. परंतु त्यांच्यात ग्लॉक १९ चे मॅगझीन शिरत नाही. ग्लॉक १९ च्या मॅगझीनमध्ये काडतुसे दोन ओळींत एकाआड एक रचलेली असल्याने ते जाडीला अधिक असते. एकाच नमुन्याच्या दोन पिढ्यांतही फरक पडतो. इटलीतील बेरेटा ९२ च्या आरंभीच्या पिस्तुलांत मॅगझीनचा खटका मुठीच्या तळाशी होता. पुढे तो चापाच्या संरक्षक कड्यामागे नेण्यात आला. त्यामुळे फक्त जुन्या जागी खाच असलेले मॅगझीन नव्या पिस्तुलात अडकत नाही.

मूठ आखूड न करता केवळ नळी आखूड केली, तर हा प्रश्न मुळातच उद्‌भवत नाही. कोल्ट कारखान्याचे कमांडर पिस्तूल १९११ च्या नमुन्यापेक्षा आखूड आहे, पण मूठ तीच असल्याने दोघांचे ७ काडतुसांचे मॅगझीन एकच. याच घराण्यातील १९८५ च्या ऑफिसर्स पिस्तुलाची मूठ मात्र आखूड केली गेली आणि त्याचे मॅगझीन ६ काडतुसांचे झाले. जर्मनीच्या वॉल्थर पिस्तुलांबाबत तर कायद्यानेच मूठ वाढविली. अमेरिकेतील १९६८ च्या कायद्यात आयात पिस्तुलांच्या आकारावर बंधने आल्याने पीपीके हे लहान पिस्तूल तेथे नेता येईना. तेव्हा पीपी या मोठ्या पिस्तुलाचा सांगाडा आणि पीपीकेचे सरकते आवरण व नळी एकत्र करून पीपीके/एस हा नमुना काढण्यात आला. त्याला अर्थातच पीपीचे लांब मॅगझीन लागते.

मॅगझीन बसले म्हणजे ते चालेलच, असे नाही. आवरण मिटलेले असताना पूर्ण भरलेले मॅगझीन घालावयाचे, तर वरचे काडतूस आवरणाच्या खालच्या बाजूला टेकते व साऱ्या काडतुसांना स्प्रिंगविरुद्ध किंचित खाली दबावे लागते. त्यासाठी हाताला अधिक जोर करावा लागतो. तो कमी पडल्यास मॅगझीन बसल्यासारखे दिसते, पण खटका अडकलेला नसतो. पुढे येणारे आवरण मग वरच्या काडतुसावरून नुसतेच निघून जाते, कक्ष रिकामा राहतो आणि चाप ओढल्यावर केवळ टक असा आवाज होतो. उलट, आवरण मागे अडकलेले असताना लांब मॅगझीन आखूड मुठीत जोराने ठोकले, तर तळपट्टी मुठीला टेकत नसल्याने साराच आघात खटक्यावर येतो. काही पिस्तुलांत मॅगझीन प्रमाणाबाहेर वर सरकून रिकामे पुंगळे बाहेर फेकणाऱ्या भागावर आदळते व तो वाकतो. मुठीबाहेर राहणाऱ्या भागावर प्लॅस्टिकची कडी चढविली, म्हणजे ती मुठीच्या कडेला टेकते व हा धोका टळतो; शिवाय करंगळीलाही आधार मिळतो. अशी कडी क्षुल्लक वाटत असली, तरी ती वगळू नये.

भारतात इच्छापूर येथील रायफल कारखान्यात तयार झालेले ९ मिमी. १ए हे लष्करी पिस्तूल ब्राउनिंग हाय पॉवर या १९३५ च्या बेल्जियन पिस्तुलावर आधारलेले असून त्याच्या मॅगझीनमध्ये १३ काडतुसे मावतात. अमेरिकेच्या भूसेनेने २०१७ मध्ये निवडलेल्या एम १७ व एम १८ या पिस्तुलांत लहान नमुन्याची नळी आखूड आहे, पण मुठीची उंची राखली आहे. त्यामुळे १७ व २१ काडतुसांची मॅगझिने दोन्ही पिस्तुलांना चालतात.