उपवासकाळाचे चिंतन : लेखांक तिसरा
हुद्दा उतरविणे

अरण्यात चाळीस दिवस उपोषित राहिलेल्या प्रभू येशूस सैतानाने उंच डोंगरावर नेऊन जगातील सर्व राज्यांचा अखत्यार देऊ केला आणि प्रभूने तो नाकारला, येथवर विवेचन मागील लेखांकात झाले. परंतु ज्याच्या हाती हुद्दा आणि हुकूम खरोखरच आहेत, त्याने हा नकार आचरावा कसा, हा प्रश्न उरतोच.

त्याचे एक उदाहरण पाहू. महाबळेश्वरच्या घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपुरात 1823 साली रेव्हरंड डोनाल्ड मिचेल यांचा देहान्त झाला. हे गृहस्थ एका स्कॉटिश धर्मोपदेशकाचे पुत्र. पूर्वी कंपनी सरकारच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून सुरतेस होते. कंपनीच्या गोऱ्या अंमलदारापुढे भलेभले वतनदार हात जोडून उभे राहत, अशा त्या काळात त्यांनी फौज सोडली आणि स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पश्चिम हिंदुस्थानातील पहिले मिशनरी होऊन ते मुंबईस परतले. सावित्रीच्या मुखावरील बाणकोट हे कार्यक्षेत्र ठरले. पण वर्ष सरण्यापूर्वीच मृत्यूने त्यांना गाठले आणि यश म्हणून कोठे रुजू करावे असे काही त्यांच्या पदरी पडले नाही. अर्थात, मुलखावर कंपनीचा अंमल असताना गोऱ्या पाद्र्याचे दैन्य कितपत निखळ होते, ही शंका रास्त आहे व ती मी खोडून काढू इच्छीत नाही.

पोलादपुराजवळच्याच महाडास मात्र नम्रतेचा उपदेश जपूनच केला पाहिजे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलाने 1923 साली केला, महाडच्या नगरपालिकेने 1924 साली तेथील चवदार तळे सर्वांस खुले केले, तरी अस्पृश्य मानलेल्यांस तेथे ओंजळभर पाणी मिळाले नाही. अखेर 20 मार्च 1927 रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या उपवासकाळातील तिसऱ्या रविवारी, डॉ. आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह ते प्राशन केले. त्या जनसमुदायास ‘नम्र व्हा’ असे बजावणारा उपदेशक जुलमास सनदच देता. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल प्रथम ख्रिस्ताचे देवाशी समानत्व सांगतो व मग त्याने दासाचे रूप घेतल्याचे सांगतो; हा क्रम विसरून, ज्याला मुळात उभेच राहू दिले नाही त्याच्याकडून वाकण्याची अपेक्षा करणे हा धर्मद्रोह आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच तिसऱ्या रविवारी, कॅथलिक पंथाच्या त्रैवार्षिक वाचनक्रमातील एका वर्षी, शोमरोनी स्त्रीची कथा वाचली जाते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. तरी थकून विहिरीवर बसलेला येशू तिच्यापाशी पाणी मागतो. याचक तो, दात्री ती. महाडास वरच्या मानलेल्या जातींतील फारच थोड्यांना असे खाली उतरणे साधले: नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस सत्याग्रहींच्या बाजूस उभे राहिले आणि त्या वेळी तेथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या समारोपास, सर्वांनी मिळून तळ्यावर जावे, अशी सूचना मांडली ती अनंतराव चित्रे यांनी. दोघांपैकी एकही ख्रिस्ती नव्हता.