मामाचा मळा

सातवीत असताना टोमॅटोच्या हंगामात शाळा बुडवून मी शेजाऱ्यांच्या मळ्यात क्रेट भरले. पहिल्या मजुरीचा केवढा अभिमान! तो गुन्हा होता (माझा नव्हे, मालकाचा) हे आता कळते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात १४ वर्षांखालील मुलांना ठरावीक कामांचीच बंदी होती. २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सर्वच कामांना लागू झाली. मालकास ६ महिने ते २ वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मात्र शाळा सुटल्यावर वा सुटीत कुटुंबाला बिनधोक कामात मदत चालते. आणि कुटुंबात काका, आत्या, मामा, मावशीही येतात! म्हणजे मामाच्या मळ्यात मदत, बांधापलीकडे गुन्हा. शाळा बुडवून मामाकडे राबलो असतो, तर तीही मदत ठरली नसती. पण पिंपळगावात हजेरीपट घेऊन बांधावर कोण येणार होते?