काजव्यांच्या गावी दोन दिवस

“मामा, इथे टीव्ही नाही? मोबाइललाही रेंज नाही?” रतनवाडीत पोचल्या पोचल्या माझ्या भाच्यानं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, “नाही. म्हणूनच तर आलोय!”

दोस्तांनो, नकाशात इगतपुरीजवळचं घोटी शोधा. तिथून शेंडी, म्हणजेच भंडारदरा, आणि मग १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाच्या पाण्याला वळसा घालत गेलात, की रतनगडाच्या पायथ्याशी हे गाव. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा अकोले तालुका. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच तालुक्याच्या सीमेवर. गडाच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. सुईच्या भोकाला म्हणतो ना, तेच! प्रवरा नदी इथेच उगम पावते. पुढे ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते नेवासं याच नदीच्या काठी.

दिवसभर आम्ही काय केलं? फारसं काही नाही. अमृतेश्वराच्या देवळातलं कोरीव काम बघितलं, पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसलो, जांभळं खाऊन जिभा जांभळ्या केल्या. जून नुकताच लागला होता. धरणाचं पाणी खूप मागे गेलेलं, मधूनच ढग गडगडायचे.

खरी गंमत अंधार पडल्यावर. जेवणं उरकून आम्ही गाडीनं निघालो आणि वळणावर मी थबकलोच. रस्त्याकडेचं हिरड्याचं झाड खालपासून शेंड्यापर्यंत लुकलुकत होतं! भाचा ओरडला, “मामा, दिवाळी!” नीट दिसावं म्हणून मी शहाण्यानं गाडीचे दिवे झाडावर टाकले. झालं! एकेक ठिपका विझत गेला आणि उरलं नुसतं काळं झाड. अर्धा तास वाट पाहिली, पण फारसे परतलेच नाहीत.

घरी आल्यावर ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजी हसल्या. “आरं, दिवा कशाला लावलास बाबा? त्यांचं बोलनं थांबलं की!”

आजींनी अगदी नेमकं सांगितलं. काजव्याचं चमकणं म्हणजे हाकच असते. नर उडता उडता उघडझाप करतो, मादी बहुधा झाडावर किंवा गवतात बसून उत्तर देते. आपल्या दिव्यांच्या झोतात ती हाक दिसणार कशी? अळी असताना कित्येक महिने ओल्या मातीत गोगलगाई खाऊन वाढायचं, आणि पंख फुटल्यावर आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्यातली एक रात्र मी वाया घालवली होती. सुट्टीच्या दिवशी अशा गाड्यांची रांग लागते, तेव्हा काय होत असेल!

दुसऱ्या रात्री गाडी अंगणातच ठेवली. बॅटरीही नाही. भाच्यानं माझं बोट घट्ट धरलं होतं (तो हे कबूल करणार नाही). हळूहळू डोळे अंधाराला सरावले. एक झाड लुकलुकलं, मग शेजारचं. मधूनच सगळी पानं एकदम उजळायची, एकदम विझायची.

एक काजवा भाच्याच्या बाहीवर येऊन बसला. तो कुजबुजला, “चटका बसेल?”

“छे रे! हा थंड उजेड. आपल्या जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते, याच्या उजेडात उष्णता जवळजवळ नाहीच.”

त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला. काजवा बाहीवरून कोपरापर्यंत चालत गेला, दोनदा चमकला आणि उडाला.

“मामा, तो मला काय म्हणाला?”