सागाच्या पोटातला पाऊस

१९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी पाहिला. पण पाचशे वर्षांपूर्वी पाऊस कधी रुसला, हे कोण सांगणार? ते सागवान सांगतो!

उन्हाळ्यात सागाची पानं गळतात, वाढ थांबते. पाऊस लागला की पुन्हा वाढ सुरू. म्हणून खोडात दर वर्षी एक कडं तयार होतं. पाऊस बरा तर कडं रुंद, ओढ दिली तर बारीक. सगळ्याच झाडांत ही कडी स्पष्ट नसतात; साग त्या बाबतीत गुणी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत डॉ. हेमंत बोरगावकर यांनी वर्षानुवर्षे हेच काम केलं. ठाणे भागातल्या सागावरचा डॉ. पंत व त्यांचा लेख १९८३ सालचा. पुढे केरळातल्या सागांची कडी जुळवून त्यांनी व सहकाऱ्यांनी १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची नोंद केली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. म्हणजे शिवजन्माच्याही दीडशे वर्षं आधीपासून!

त्यासाठी झाड तोडावंच लागतं असं नाही. पोकळ गिरमिटानं पेन्सिलीएवढी कांडी काढतात.

पॅसिफिक महासागर तापतो त्याला एल निनो म्हणतात. तशा पुष्कळ वर्षी कडी बारीक निघाली. कुठला समुद्र अन् कुठला साग! मला तर याचंच नवल वाटलं.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. असे दुष्काळ आता वाढले का, हे जुना हिशोब असल्याशिवाय कळायचं कसं?

निलंग्याच्या वखारीत सागाचा ओंडका दिसला तर कडी मोजा. सालीकडून आत मोजायचं. सगळ्यात बाहेरचं कडं सगळ्यात नवं.