फोन विकत घेण्याआधी झालेला करार

लेखांक ६

हातात अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्सची यादी उघडा. त्यातलं तुम्ही स्वतः टाकलेलं एखादं ॲप निवडलंत की 'अनइन्स्टॉल' समोर येईल. आता यूट्यूब निवडा. बहुतेक फोनांवर 'अनइन्स्टॉल' दिसणारच नाही, त्या जागी 'डिसेबल' असेल. म्हणजे ॲप बंद करून ठेवता येतं, काढून टाकता येत नाही. फरक किरकोळ वाटतो, पण त्यावर आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई गेली आहे. ती समजून घ्यायची तर फोन दुकानात पोचण्याच्याही आधी मोबाइल कंपनीने कशावर सही केली होती, ते पाहावं लागतं.

अँड्रॉइड फुकट आहे, हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो, आणि ते खोटं नाही. गूगलने २००५ मध्ये अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी विकत घेतली आणि पुढे ती प्रणाली खुली केली. कोणीही घ्यावी, हवी तशी बदलावी, आपल्या फोनवर चढवावी. मग मोबाइल कंपन्या अडकल्या कुठे? प्ले स्टोअरपाशी. प्ले स्टोअर या खुल्या भागात येत नाही. ते गूगलच्या मालकीचं आहे आणि त्यासाठी वेगळा करार करावा लागतो. प्ले स्टोअर नसलेला फोन आपल्याकडे दुकानदार काउंटरवर ठेवायलाही तयार होणार नाही, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार, "यात व्हॉट्सॲप कुठून घ्यायचं?"

या अडचणीतून करारांची साखळी तयार झाली. पहिल्या करारात अट अशी, की प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलचा सगळा संच घ्या. सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप्स, जीमेल सगळं फोनमध्ये आधीच टाका आणि शोधाची पट्टी पहिल्याच पडद्यावर ठेवा. नुसतं प्ले स्टोअर मिळणार नाही.

दुसरा करार मला त्याहून गंभीर वाटतो. त्यानुसार कंपनीने अँड्रॉइडची गूगलला मान्य नसलेली, कोणी बदललेली आवृत्ती असलेलं उपकरण विकायचं नाही. एखाद्या मॉडेलपुरतं हे बंधन असतं तर वेगळी गोष्ट होती, पण ते अख्ख्या कंपनीवर होतं. प्रणाली खुली, पण ती उघडून बदलणाऱ्याशी व्यवहार बंद. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर कंपनी चीनमध्ये अलीबाबाच्या 'अलीयुन' प्रणालीवरचा फोन बाजारात आणणार होती. तो कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. फोन आणलात तर अँड्रॉइडबाबतचं सहकार्य थांबवू, असं गूगलने एसरला बजावल्याचं अलीबाबाने जाहीरपणे सांगितलं. अलीयुन ही अँड्रॉइडचीच विसंगत आवृत्ती आहे, असं गूगलचं म्हणणं होतं. कोणाचं खरं मानायचं ते बाजूला ठेवू. एका फोनपायी एसरला बाकीचे सगळे फोन पणाला लावणं परवडणारं नव्हतं, एवढं त्यातून दिसतं.

तिसरा करार पैशांचा. गूगल सर्चच्या जाहिरातींतून येणाऱ्या उत्पन्नातला वाटा कंपनीला मिळणार, आणि त्या बदल्यात तिने दुसरं शोधयंत्र फोनमध्ये आधीपासून टाकायचं नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं, की गूगल चांगलं आहे म्हणून लोक ते वापरतात, कोणी जबरदस्ती केली आहे का? प्रश्न रास्त आहे आणि तो युरोपीय आयोगापुढेही होता. आयोगाने २०१६ ची आकडेवारी तपासली. गूगल सर्च आधीच टाकलेल्या अँड्रॉइड फोनांवर ९५ टक्क्यांहून अधिक शोध गूगलवर होत होते. विंडोज फोनांवर ते आधी टाकलेलं नव्हतं, लोकांनी स्वतः जाऊन घ्यायचं होतं. तिथे गूगलचा वाटा २५ टक्क्यांहून कमी होता आणि ७५ टक्क्यांहून अधिक शोध बिंगवर होत होते, कारण तिथे बिंग आधीच बसवलेलं होतं. दोन्हीकडची माणसं सारखीच होती. जे समोर होतं ते त्यांनी वापरलं. माझ्या मते या सगळ्या वादात याहून बोलका पुरावा नाही. जुलै २०१८ मध्ये युरोपने गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो थोडा कमी केला, पण निष्कर्ष बहुतांशी कायम ठेवला.

आपल्याकडची तक्रार युरोपातल्या त्या दंडाच्याच सुमाराची. ती कुठल्या बड्या प्रतिस्पर्ध्याने नव्हे, तर तिघा तरुणांनी केली. त्यांतले दोघे भारतीय स्पर्धा आयोगातच संशोधनाचं काम केलेले, एक कायद्याचा विद्यार्थी. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्पर्धा कायद्याच्या कलम ४ खाली, वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल. (वर्चस्व असणं आपल्या कायद्यात बेकायदेशीर नाही, ते वापरून दुसऱ्याची वाट अडवणं बेकायदेशीर आहे. मागच्या लेखांकात हे आलं आहे.)

बातम्यांत दंडाचा आकडाच गाजला. पण गूगलसारख्या कंपनीला ही रक्कम जड नाही. जड होते ते सोबतचे निर्देश, कारण ते थेट वरच्या करारांनाच हात घालत होते. गूगल आधी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात आणि तिथे स्थगिती न मिळाल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. आयोगाने युरोपच्या आदेशातला मजकूर जागोजागी उतरवून काढला, असाही गूगलचा आक्षेप होता. १९ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती नाकारली. त्यानंतर आठवड्याच्या आत गूगलने जाहीर केलं, की भारतात मोबाइल कंपन्यांना हवी ती ॲप्स सुटी घेता येतील आणि वापरणाऱ्याला आपलं शोधयंत्र निवडता येईल. इतकी वर्षं जे शक्य नव्हतं, ते सहा दिवसांत झालं.

२९ मार्च २०२३ रोजी न्यायाधिकरणाने दंड पूर्ण कायम ठेवला आणि चार निर्देश मात्र रद्द केले. प्ले स्टोअरवर दुसऱ्यांची ॲप-दुकानं येऊ देणं, बाहेरून थेट ॲप उतरवून घेण्यावर आडकाठी न घालणं, प्ले सेवांच्या तांत्रिक जोडण्या (एपीआय) इतरांना न नाकारणं आणि आधीच टाकलेली ॲप्स पूर्ण काढू देणं, हे ते चार. बाहेरून ॲप घेण्याबाबत सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. ॲपच्या नावाखाली होणारी फसवणूक आपण रोज वाचतो. पण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनमधून व्हिडिओचं ॲप काढून टाकण्यात कुणाच्या सुरक्षेला धक्का लागतो, ते मला अजून उमगलेलं नाही. तो निर्देश टिकला असता, तर सुरुवातीला सांगितलेल्या यादीत यूट्यूबपुढेही 'अनइन्स्टॉल' दिसलं असतं. पुढे दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

स्पर्धा आयोगाच्या त्या पहिल्या आदेशानंतर पाचच दिवसांनी, २५ ऑक्टोबर २०२२ ला, आयोगाने गूगलला आणखी ९३६.४४ कोटींचा दंड केला. तो प्ले स्टोअरवर ॲपवाल्यांकडून घेतल्या जाणाऱ्या पैशांच्या पद्धतीबद्दल होता. आपली भारतीय स्टार्टअप मंडळी ज्या प्रकरणात स्वतः उतरली, ते हेच. पुढच्या आठवड्यात त्याबद्दल.