संघटना कोणाची? विमान कामगारांच्या युनियनचा जमाखर्च

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. विमानाने जायचे तर आम्हाला नांदेड गाठावे लागते. अशा गावी बसून विमान कंपन्यांतील कामगार संघटनांचा अभ्यास कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले आहे. माझे उत्तर एसटीपासून सुरू होते. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि हिंगोली, वसमत, कळमनुरीची आगारे महिनोन्‌महिने ओस पडली. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितल्यावर तो संपला. राज्य शासनात विलीनीकरणाची मुख्य मागणी पदरात पडली नाही. त्या संपात मान्यताप्राप्त संघटना बाजूला पडली होती आणि कामगार दुसऱ्याच नेतृत्वामागे गेले होते. संघटना असूनही ती आपली वाटू नये, असे का होते? या प्रश्नाची सर्वांत तपशीलवार उत्तरे मला विमान कंपन्यांच्या खटल्यांत सापडली. मी वकील नाही. शब्दकोश शेजारी ठेवून निकालपत्रे वाचत गेलो, त्यातून हा लेख झाला.

आधी कायद्याची चौकट. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यानुसार सात जण एकत्र येऊन संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करू शकत. नोंदणी झाली की संपामुळे झालेल्या नुकसानीसाठी मालकाला संघटनेवर सहजासहजी दिवाणी दावा लावता येत नाही. कामगारांच्या एकजुटीला निव्वळ कट म्हणून फौजदारी गुन्हाही ठरवता येत नाही. दुसरीकडे, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हवाई वाहतुकीला लोकोपयोगी सेवा मानले. त्यामुळे पूर्वसूचना न देता केलेला संप बेकायदा ठरतो. म्हणून विमान कामगार पुष्कळदा संप न म्हणता सामूहिक ‘आजारपणाची रजा’ घेताना दिसतात. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही पळवाटही बुजवली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा तिने संपाच्या व्याख्येत आणली.

विमान कामगारांची ताकद धंद्याच्या स्वरूपातच आहे. कारखान्याचा माल गोदामात पडून राहू शकतो, पण उडून गेलेल्या विमानातली रिकामी खुर्ची पुन्हा विकता येत नाही. परवानाधारक वैमानिक किंवा अभियंता एका रात्रीत बाहेरून आणता येत नाही. त्यामुळे थोड्या लोकांच्या हातात सगळे उड्डाण थांबवण्याची शक्ती येते. याच कारणाने वैमानिकांची संघटना वेगळी, अभियंत्यांची वेगळी, केबिन कर्मचाऱ्यांची वेगळी अशी विभागणी झाली. ज्याच्या हातात विमान थांबवण्याची किल्ली त्याचा आवाज मोठा. सामान चढवणारा आणि झाडू मारणारा सगळ्यांत मागे.

संघटनेचा लाभ पाहायचा तर मुंबईच्या जेट एअरवेजचे उदाहरण घ्यावे. २००९ मध्ये वैमानिकांनी स्वतःची संघटना काढली. पुढाकार घेणाऱ्यांना कंपनीने कामावरून काढल्यावर शेकडो वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले. चार-पाच दिवस प्रवाशांचे अतोनात हाल झाले, पण काढलेले वैमानिक परत आले. १७ एप्रिल २०१९ ला कंपनीची उड्डाणे थांबली आणि हजारो कुटुंबांचे पगार थकले. तेव्हा थांबवायला विमानच उरले नव्हते, म्हणजे संपाचे हत्यार निकामी झाले होते. तरी कामगारांच्या संघटना दिवाळखोरीच्या प्रक्रियेत उतरल्या. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची देणी पूर्ण द्यावीत असा निकाल दिला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. कंपनी काही वाचली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. पण एकेकट्या कर्मचाऱ्याला बँकांच्या वकिलांसमोर उभेही राहता आले नसते. तिथे संघटनेने निदान त्याचा हक्क कागदावर पक्का करून घेतला.

आता दुसरी बाजू. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींसाठी सेवेचा नियम असा होता : वयाची ३५ वर्षे पूर्ण झाली की निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हाच, आणि पहिली गर्भधारणा झाली तर तेव्हाच. यांपैकी जे आधी घडेल ते लागू. व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने वर्षा-वर्षाची मुदतवाढ ४५ पर्यंत मिळू शके. त्याच विमानात काम करणारे पुरुष कर्मचारी मात्र ५८ पर्यंत नोकरीत राहत. नर्गिस मिर्झा आणि इतर हवाईसुंदरींनी याला आव्हान दिले. २८ ऑगस्ट १९८१ ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भधारणेची अट आणि संचालकांचा मनमानी अधिकार रद्द केला. चार वर्षांच्या लग्नबंदीला मात्र धक्का लावला नाही, उलट कुटुंब नियोजनाच्या दृष्टीने ती हिताची मानली. स्त्री आणि पुरुष कर्मचारी हे वेगळे संवर्ग आहेत, म्हणून तुलना होऊ शकत नाही, हा न्यायालयाचा मुख्य तर्क होता.

मला खरी मेख निकालातल्या दुसऱ्या आधारात दिसली. हे नियम व्यवस्थापनाने एका रात्रीत लादलेले नव्हते. संघटना आणि महामंडळ यांच्यातील वाद खोसला निवाड्यातून आणि १९७२ च्या महेश निवाड्यातून गेलेला होता. न्यायालयाने त्या निवाड्यांना व करारांना वजन दिले. सामूहिक वाटाघाटीत संघटनेची सही सगळ्यांना बांधते. पुरुषबहुल संघटनेने थोड्या हवाईसुंदरींच्या अटी पणाला लावल्या असतील किंवा नसतील. सहीचे ओझे मात्र त्यांच्याच खांद्यावर आले. व्यवस्थापनाला न्यायालयात जे सांगता आले, त्यातले काही संघटनेच्या करारांनीच त्याला पुरवले होते.

ही गोष्ट तिथे संपली नाही. १९८९ मध्ये सरकारने हवाईसुंदरींना ५८ पर्यंत नोकरी देण्याचा निर्देश दिला, तर कंपनीने उड्डाण ५० पर्यंत आणि पुढे जमिनीवरचे काम अशी वाट काढली. यशस्विनी मर्चंट आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २००१ मध्ये त्या जिंकल्या. या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत केबिन कर्मचाऱ्यांची संघटनाही होती, आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल फिरला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. सगळ्या हवाईसुंदरींचे म्हणणे एकच नव्हते. काहींना पन्नाशीनंतर आकाशातली दगदग नको होती, तर काहींना उड्डाणाचे भत्ते आणि बरोबरीचा मान हवा होता. वेगळी हवाईसुंदरी संघटना उभी राहण्यामागे हीच दुफळी होती. पुढे २००५ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने विमानातील पर्यवेक्षकाचे पद स्त्रियांना खुले केले. तोवर ते पुरुषांकडेच होते. त्यालाही पुरुष कर्मचाऱ्यांनी आणि संघटनेने विरोध केला. दिल्ली उच्च न्यायालय आणि नंतर १७ नोव्हेंबर २०११ ला सर्वोच्च न्यायालय, दोन्हीकडे तो फेटाळला गेला. म्हणजे एका टप्प्यावर बरोबरीचा निर्णय व्यवस्थापनाने घेतला आणि अडवायला संघटना उभी राहिली.

सफाई कामगारांची कथाही इथेच जोडावी. मुंबईतील एअर इंडियाच्या इमारती कंत्राटी कामगार साफ करीत. त्यांच्या वेगळ्या संघटनेने लढून १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून कायम सेवेत सामावून घेण्याचा निकाल मिळवला. २००१ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात तो दृष्टिकोनच नाकारला. आज विमानतळावर सामान हाताळणारे, साफसफाई करणारे बहुतेक हात कंत्राटदाराचे असतात. कायम कामगारांची संघटना त्यांच्यासाठी बोलेलच, अशी कोणतीही सक्ती नाही.

आणि संघटना संघटनेशीच भिडली तर? २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, वैमानिक एक झाले नाहीत. २०१२ मध्ये नव्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यायचे ठरताच जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम बंद ठेवले. शंभराहून अधिक वैमानिक बडतर्फ झाले, संघटनेची मान्यता गेली, आणि आधीच तोट्यात असलेल्या कंपनीचा आणखी पैसा बुडाला. तिथे एका कामगाराची बढती दुसऱ्याला आपले नुकसान वाटली.

म्हणून विमान कामगारांना संघटना हवी की नको, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. २०२४ च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी सामूहिक रजा घेतली, कंपनीने पंचवीसेक जणांना काढले, आणि मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक होताच त्यांना परत घेतले. संघटना नसती तर ती बैठकच झाली नसती, एवढे निश्चित. पण बैठकीत कोणाचा मुद्दा पहिला मांडला जातो, हे आतल्या रचनेवर ठरते. कार्यकारिणीत स्त्रिया किती, कंत्राटी कामगाराला सभासद होता येते का, करारावर सही करण्याआधी तो सगळ्यांना वाचून दाखवतात का, आणि ज्यांच्या अटी बदलणार त्यांचे वेगळे मत घेतले जाते का, हे पाहावे लागते.

हे प्रश्न विमानांपुरते नाहीत. हिंगोलीच्या आगारातल्या वाहकाला, आशा कार्यकर्तीला, साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला ते तसेच विचारता येतील. वर्गणीची पावती फाडताना त्यांनी ते पदाधिकाऱ्यांना विचारावेत. संप पुकारल्यावर विचारायला उशीर झालेला असतो.